चार पार्कांच्या तिकिटाची शिसारी

मी एक जुनी, भाड्याची बाबागाडी आहे. मित्रांनो, नाक धरायचे असेल तर आत्ताच धरा, कारण पुढे ते धरावे लागणारच आहे. ऑरलँडो शहराच्या बाहेर एका मोठ्या करमणूक नगरीत चार थीम पार्क आहेत. त्यांतल्या सर्वांत जुन्या पार्कच्या फाटकाशी, पत्र्याच्या छपराखाली, माझ्यासारख्या गाड्या रांगेने उभ्या असतात. शेपटीचा रंग उडालेली आणि एक चाक कुरकुरणारी ती मी.

माझा जन्म जॉर्जियातल्या एका कारखान्यात झाला. वितळलेले निळे प्लास्टिक साच्यात ओतले आणि डॉल्फिन माशाच्या आकाराची मी बाहेर पडले. गादी नाही, उशी नाही, सगळे अंग टणक. पहिल्या वर्षी माझे फार कौतुक झाले. मुले माझ्या चोचीचे मुके घेत, आया माझ्याशेजारी उभ्या राहून फोटो काढत. मला वाटले, आपले आयुष्य असेच मुक्यांमध्ये जाणार. मी किती भाबडी होते!

त्या मुक्यांना आइस्क्रीम लागलेले असे, हे मला लवकरच कळले. मग हळूहळू सगळेच कळले. माझ्या पायरीवर टर्कीची अर्धी चावलेली तंगडी दिवसभर उन्हात पडून राहिली आहे. माझ्या बैठकीखाली कुणी लोणच्यातल्या काकडीचे पाणी सांडले आहे, कुणी ओला लंगोट कोंबून विसरले आहे. अंगाला उन्हाचे मलम फासलेली मुले माझ्यात बसतात आणि घसरत खाली येतात. चांगली आठ-नऊ वर्षांची, मिशा फुटायच्या बेताची मुलेसुद्धा आईबाप माझ्यात कोंबतात, कारण चालायला लावले तर उशीर होतो. उशीर कशाला होतो, ते मात्र विचारू नका. त्यांनाही ते माहीत नसते.

पण या घाणीची मला सवय झाली. मूल आहे, सांडणारच. मला खरी शिसारी येते ती चार पार्कांच्या तिकिटाची.

इथे दोन तऱ्हेची तिकिटे मिळतात. एक साधे, एका दिवसाला एका पार्कचे. दुसरे महागातले, त्यावर एकाच दिवसात चारही पार्कांत वाटेल तितक्या वेळा आत-बाहेर करता येते. ऐकायला छान वाटते. पण भाड्याची बाबागाडी फाटकाबाहेर जात नाही. पार्क बदलायचा तर मुलाला माझ्यातून उठवायचे, पावती जपून ठेवायची, उन्हातून बसथांब्यापर्यंत चालायचे, बसची वाट बघायची, पलीकडे पुन्हा पिशव्या तपासून घ्यायच्या आणि नव्या बाबागाडीच्या रांगेत उभे राहायचे. एवढे होईपर्यंत दुपार गेलेली असते, आणि मूल रडत असते.

हे तिकीट सगळ्यांनाच वाईट, असेही मी म्हणणार नाही. जवळच्या किसिमी गावाहून एक म्हातारे जोडपे येते. सकाळी ती दोघे इथल्या फुलांमधून हातात हात घालून फिरतात आणि संध्याकाळी पलीकडच्या पार्कात मासे खायला जातात. त्यांना ते तिकीट शोभते. त्यांना कुठे पोहोचायचे नसते, आणि त्यांना माझी गरजही नसते. पण ज्यांना माझी गरज असते, ते हे तिकीट घेऊन आले की पुढचा सगळा दिवस मला आधीच दिसायला लागतो. समोरचा घोड्यांचा पाळणा बघत असताना ते पुढच्या पार्कातल्या बोटीविषयी बोलतात. बोटीत बसले की तिसऱ्या पार्कातल्या जेवणाविषयी.

असाच एक माणूस यंदा वसंताच्या सुट्टीत आला. त्याचे नाव क्लेटन. केंटकीतल्या एका गोदामात माल चढवायची यंत्रगाडी चालवणारा, रुंद खांद्यांचा, उन्हाने नाक सोललेला. बरोबर त्याची सहा वर्षांची मुलगी ओपल आणि त्याची आई डार्लीन. तिघांच्या अंगात एकसारखे नारिंगी सदरे होते. इथे येणारी बरीच कुटुंबे असे सदरे छापून घेतात. यांच्या सदऱ्यावर ‘ओपल आणि चार जगं’ असे आणि त्याखाली चार पार्कांचे चार गोल छापले होते. डार्लीनच्या पोटावर त्यातली दोन जगे पार ताणली गेली होती.

क्लेटनने ओपलला माझ्यात बसवले आणि असा पळत सुटला की माझे कुरकुरणारे चाक किंचाळायला लागले. तो मला एका हाताने ढकलत होता, कारण दुसऱ्या हातात फोन होता आणि फोनमध्ये कुठल्या पार्कात कुठली रांग किती लांब आहे ते दिसत होते.

वाटेत एक तळे लागते. तिथे ना पाळणा आहे ना रांग. एक लाकडी ओंडका पाण्यात पडला आहे आणि त्यावर कासवे ऊन खात बसतात. ओपल माझ्यातून उतरली ती थेट कठड्याला चिकटली. एक लहान कासव ओंडक्यावर चढायला बघत होते आणि सारखे घसरत होते.

“डॅडी, बघ ना, तो छोटा परत पडला!”

“हो हो, छान,” क्लेटन फोनकडे बघत म्हणाला.

“तू बघितलंच नाहीस.”

“बघितलं गं. हिरवा होता.”

“हिरवे तर सगळेच आहेत,” ओपल म्हणाली आणि पुन्हा कठड्याला जाऊन लटकली.

डार्लीन माझ्या दांड्याला टेकून उभी होती. “क्लेटन, जरा टेक. पोरगी रमलीये.”

“मम्मा, कासवं काय आपल्याकडं नाहीत? मागच्या ओढ्यात ढिगानं पडलीयेत. त्यासाठी फ्लोरिडापर्यंत आलो का आपण?”

“मग चार पार्कांचं तिकीट तरी कशाला काढलंस? मी तेव्हाच म्हटलं होतं, रोज एकच पार्क घे, निवांत बघू. पण तुझ्या पायाला भिंगरी.”

“रोज एक म्हणजे काय बघणार? घरी गेल्यावर रेनेला सांगायला हिच्याकडं काहीतरी नको का?”

रेने म्हणजे ओपलची आई. क्लेटन आणि ती वेगळे झाले होते. ओपल आईजवळ टेनेसीत राहत होती आणि बापाच्या वाट्याला सुट्टीतला हा एक आठवडा आला होता. हे मला पुढच्या बोलण्यातून कळले.

“उन्हाळ्याचं रेने हिलाच विचारणार आहे ना?” डार्लीनने आवाज खाली आणून विचारले.

“हो. हिनं हो म्हटलं तर दोन महिने माझ्याकडं. नाही म्हटलं तर रेने जबरदस्ती करणार नाही. मला तसं स्पष्ट सांगितलंय तिनं.” क्लेटनने फोन खिशात घातला आणि लगेच पुन्हा काढला. “खोली रंगवून ठेवलीये मी, मम्मा. पिवळी. तिला पिवळा आवडतो.”

“मग तिला जवळ घेऊन बस की घटकाभर! सारखा दाखवत काय सुटलायस? पाहुणी आहे का ती?”

क्लेटनने ते ऐकून न ऐकल्यासारखे केले. “ओपल, चल चल! बोटीची रांग कमी झाली!” आणि त्याने तिला कठड्यावरून उचलून माझ्यात आणून ठेवले. तिची मान मागेच वळलेली होती.

दुपार झाली. ओपलने मोहरीची चटणी लावलेले तळलेले सॉसेज खाल्ले, त्यातले निम्मे माझ्या कडेला पुसले आणि ती झोपली. मित्रांनो, माझ्या या बरबटलेल्या आयुष्यात एकच गोष्ट स्वच्छ आहे, आणि ती म्हणजे माझ्यात झोपलेले मूल. तेव्हा मी चाक कुरकुरू न देण्याचा अगदी प्रयत्न करते. ओपलचे केस घामाने कपाळाला चिकटले होते आणि तोंड थोडे उघडे होते. डार्लीनने मला एका झाडाच्या सावलीत वळवले, पण क्लेटनने दांडा तिच्या हातातून घेतला आणि मला फाटकाकडे नेले.

“अरे, झोपलीये ती!”

“पलीकडं झोपेल.”

“पलीकडं कशी झोपेल? गाडी इथंच सोडायची, बसमध्ये चढायचं. उठवावं लागेल तिला. तासभर बसू ना इथं सावलीत.”

“मम्मा, चार पार्कांचं तिकीट काय एकातल्या झाडाखाली बसायला काढलंय?”

मला त्या वाक्याची इतकी किळस आली की तेवढी टर्कीच्या तंगडीचीही कधी आली नव्हती. फाटकाशी गाड्या परत घेणारी याहाइरा नावाची बाई आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मुलीला राजकन्या म्हणायचे, असे तिला वरून सांगितलेले आहे. तिने सवयीने वाकून म्हटले, “काय राजकन्ये, मजा आली का?” आणि राजकन्या त्याच क्षणी उचलली गेली, जागी झाली आणि भोकाड पसरून रडली. तो रडण्याचा आवाज बसथांब्याच्या दिशेने लांब जात राहिला. माझ्या कडेला मोहरी वाळत होती. कुणीतरी फडके फिरवले आणि मी परत रांगेत.

दिवे लागायच्या वेळेला ते तिघे परत आले, कारण आतषबाजी आमच्या पार्कात होते आणि क्लेटनला तीही सोडायची नव्हती. पावती दाखवल्यावर याहाइराने नेमकी मलाच बाहेर काढले. ओपलच्या अंगातला सदरा उलटा घातलेला होता आणि त्याला आंबूस वास येत होता. डार्लीन लंगडत होती.

“कसं वाटलं मग पलीकडं?” याहाइराने विचारले.

“पलीकडं?” डार्लीनने कमरेवर हात ठेवले. “बाई गं, पलीकडं मी बस बघितली. बसचा थांबा बघितला. पिशव्या तपासणारा पोऱ्या बघितला, तो तर आता मला नावानं ओळखतो. पोरगी बसमध्ये ओकली, ती नेमकी माझ्या मांडीवर. मग एका राइडमध्ये बसलो, उतरलो, तर हा म्हणतो तिसरीकडं चला.”

“तिसराही पार्क झाला तुमचा?”

“झाला म्हणे! फाटकातून आत गेलो, हिला लघवीला नेऊन आणलं आणि बाहेर पडलो. हा म्हणतो, तेही धरायचं.”

“धरायचंच!” क्लेटन म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते, पण तो हसत होता. “एका दिवसात तीन, मम्मा! लोकांना जमत नाही.”

याहाइराने ओपलला माझ्यात बसवले, आणि या वेळी ती राजकन्या म्हणायला विसरली.

आतषबाजीसाठी गर्दी जमली होती. क्लेटनने मला एका दिव्याच्या खांबाशी उभे केले आणि साबणाचे फुगे सोडणारी एक लखलखती कांडी ओपलच्या हातात दिली. तिने ती माझ्या कोपऱ्यात ठेवून दिली. इतक्यात रेनेचा फोन आला. रोज संध्याकाळी ती मुलीशी बोलत असे. फोनमध्ये तिचा चेहरा दिसत होता. क्लेटन माझ्यामागे दांडा धरून उभा राहिला.

“काय काय बघितलं आज माझ्या सोन्यानं?”

ओपलने विचार केला. “बस,” ती म्हणाली. “एका बसमध्ये गार होतं. दुसरीत नव्हतं.”

“हो का? आणि?”

“मॅमॉच्या पायाला फोड आलाय.” आजीला ती मॅमॉ म्हणत असे.

क्लेटन वाकला. “अगं, ती मोठी राइड सांग ना आईला! डोंगरातून खाली आलो ती!”

“मी डोळे मिटले होते,” ओपल म्हणाली.

रेने मऊ आवाजात म्हणाली, “बरं. आणि उन्हाळ्याचं काय करायचं, बाळा? दोन महिने डॅडीकडं राहशील?”

माझ्या दांड्यावरचे दोन्ही हात एकदम आवळले गेले. वर्षानुवर्षे लोक मला ढकलतात, ओढतात, लाथा घालतात, पण इतके घट्ट मला कुणी धरले नव्हते.

“तेव्हा पण रोज तीन ठिकाणी जायचं का?” ओपलने विचारले. मग तिनेच मान हलवली. “नको. माझे पाय दुखतात. मला घरी यायचंय.”

“बरं, सोन्या. नंतर बोलू,” रेने म्हणाली आणि फोन बंद झाला.

पहिला बार आकाशात फुटला. सगळ्या गर्दीने माना वर केल्या. क्लेटनने केली नाही. डार्लीन दुसरीकडे बघत पिशवीत काहीतरी शोधत राहिली, पण तिला काही सापडले नाही. ओपल माझ्यात गुडघ्यांवर उभी राहून मागे वळली आणि तिने बापाच्या गालाला बोट लावून पाहिले.

“डॅडी, रडतोयस? तिकीट संपलं का?”

“नाही गं, नाही.” त्याने घाईघाईने बाहीने तोंड पुसले आणि तिला बरे वाटावे म्हणून हसला. “अजून दोन दिवस आहेत आपल्याकडं.”

ते ऐकताच तिचा चेहरा वेडावाकडा झाला. ती माझ्यात पाय आखडून बसली आणि हुंदके देत रडायला लागली.

मित्रांनो, मला धुवा, पुसा, चाकाला तेल द्या, असे मागणे मी मागणार नाही. ते कोणी करत नाही, आणि आता मला त्याचे काही वाटतही नाही. माझे मागणे दुसरेच आहे. तुमच्या घरची मोठी माणसे सुट्टीची तिकिटे काढायला बसली की तुम्ही त्यांच्याजवळ जा, त्यांचा फोन हाताने बाजूला करा आणि त्यांना सांगा, की आम्हाला एकच पार्क पुरे, पण तिथे तुम्ही आमच्याबरोबर बसायला हवे. जमेल तेवढ्या मोठ्या आवाजात सांगा. ओपल फक्त सहा वर्षांची होती. तिला हे असे सांगता आले नाही, म्हणून तिने पाय दुखतात एवढेच सांगितले.