पेरँची सुटका

“मस्यू गाएताँ, हळू! लोक वाचतायत इथे,” दप्तरखान्यातल्या बाई डाफरल्या.

गाएताँनं आनंदानं टेबलावर थापच मारली होती. समोर साडेसहाशे वर्षांपूर्वीचं पत्र होतं. फ्रान्समधल्या इंग्रजांच्या किल्लेदारानं पकडलेला त्र्वा गावचा एक तिरंदाज, धंद्यानं गवंडी, एका घोड्याच्या बदल्यात सोडून दिला होता.

बस चालवून निवृत्त झालेला हा गडी नऊ वर्षं हेच शोधत होता. त्यातली चार तर नुसतं ते जुनं अक्षर लावण्यात गेली.

पूर्वी दर शनिवारी त्याच्या स्वयंपाकघरात चार मित्र जुन्या लढायांचा खेळ मांडत. प्रत्येकाचं एक पात्र, गोष्ट सांगणार गाएताँ, निकाल फाशांवर. त्यातल्या फिर्मँचं पात्र होतं पेरँ, गवंडी आणि तिरंदाज. चौदा वर्षं त्यानं ते जिवापाड जपलं. पेरँ इंग्रजांच्या हाती लागला, तेव्हा “खंडणी घेऊन सरदारांना सोडतात, गवंड्याला कोण विचारतो?” म्हणत गाएताँनं त्याला मारून टाकलं. “गवंड्यांनाही सोडत असतील,” म्हणून फिर्मँ भांडला आणि उठून गेला तो गेलाच. खेळ मोडला. तेव्हापासून शनिवारी गाएताँला घर खायला उठायचं.

पत्राची नक्कल घेऊन तो तडक फिर्मँच्या घरी गेला. दारात ट्रक उभा होता. खोकी भरली जात होती.

“ब्रेस्तला चाललोय, मुलीकडे,” फिर्मँ म्हणाला. त्यानं चष्मा लावून नक्कल वाचली. “म्हणजे माझंच खरं होतं.”

“तुझंच. चुकलो मी.”

“अरे गाढवा, पेरँसाठी नव्हतो रुसलो मी! खेळात माणसं मरतातच. तू एक फोन करशील म्हणून वाट बघत होतो.”

“मला वाटलं, पुरावा घेऊनच यावं.”

“नऊ वर्षं?”

फिर्मँनं कागदाची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली.

“मग पेरँ आता कुठे असेल?”

“वाटेत. पायीच येतोय घरी.”

फिर्मँ एका खोक्यावर बसला. “नोएमी,” त्यानं बायकोला हाक मारली, “ट्रकवाल्याला म्हणावं, अर्धा तास थांब.” मग गाएताँकडे वळून तो म्हणाला, “हं, सांग. वाटेत पाऊस आहे का?”

गाएताँनं दुसरं खोकं जवळ ओढलं.