रस्ता होण्याआधी

सरावलीच्या गल्लीत बातमी आली, शनिवारी रस्ता काँक्रीटचा होणार. ज्याला योजनेचा नळ हवा त्याने आधीच चर खणून पाइप ओढून घ्यावा. मागाहून रस्ता फोडायची परवानगी नाही, आणि मिळालीच तर भुर्दंड असा की नळापेक्षा नवी विहीर परवडावी. झालं! एरवी गाडी कुठे लावायची यावरून भांडणारे शेजारी एका चरासाठी एक झाले. त्याच चरातून ड्रेनेजची जोडणीही घेता आली असती, पण तिचा खर्च ऐकल्यावर सगळ्यांना आपापले संडासाचे शोषखड्डे एकदम प्रिय झाले. नळ पाहुण्यांना दिसतो, ड्रेनेज कोण बघतंय?

वर्गणी न भरलेलं घर एकच, गोजराबाईंचं. वाडीचे तुकडे पाडून विकले तरी विहीर त्यांनी राखली होती. गल्लीतली घरं बांधली गेली ती तिच्याच पाण्यावर, आणि त्यासाठी त्यांनी कुणाकडे काही मागितलं नाही. केदार-समिधाचं घर विहिरीला खेटून. पुढची जागा गाडीसाठी हवी म्हणून केदारने शोषखड्डा मागे घेतला. तिथे जागा कमी पडली, तेव्हा गोजराबाईच म्हणाल्या होत्या, "खणा रं माझ्या हद्दीत. आपल्यात काय परकं हाय?"

केदार कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला. पावसाळ्यात विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला तसं त्याने ते गुपचूप तपासलं आणि दुसऱ्या दिवसापासून घरात जारचं पाणी सुरू केलं. गोजराबाईंना कुणी काही बोललं नाही.

गुरुवारी गोजराबाई केदार-समिधाच्या तान्ह्या बाळाला बघायला आल्या. निघताना समिधाला म्हणाल्या, "तू शिकलेली हायेस. मीपन घेऊ का गं नळ? छपराच्या पत्र्यासाठी ठेवलेले पैसे हायत."

समिधाने तोंड उघडलं, पण दारातून केदारच बोलला, "कशाला, मावशी? तुमची विहीर आहे की सोन्यासारखी!"

समिधा बाळाला थोपटत राहिली. खरं सांगितलं की खड्डा बुजवणं आलं, ड्रेनेज आलं, खर्चाचं शेपूट वाढतच जाणार. हप्ते फेडणाऱ्याची अडचण कळते हो! पण एक म्हातारी बाई रोज ते पाणी पितेय, हेही कळायला नको?

शनिवारी रस्ता झाला. रविवारी बाळाला सव्वा महिना झाला, म्हणजे बाळंतिणीने विहिरीची ओटी भरायची. सासूबाई दमयंतींनी ताट सजवलं. समिधाने काठावर हळदकुंकू वाहिलं, खण-नारळ ठेवला. गोजराबाईंनी स्वतः कळशी ओढली, तांब्या भरला. आज त्या नवं लुगडं नेसल्या होत्या.

"घे, पी. आन् बोट भिजवून लेकराच्या ओठाला लाव. याच पान्यावर वाढायचंय त्याला."

समिधा एका हातात बाळ, दुसऱ्यात तांब्या धरून उभीच. शेवटी गोजराबाईंनीच बोट बुडवलं आणि बाळाकडे नेलं.

"नको!" समिधा ओरडली. तिने बाळाला मागे ओढलं. "आमचा खड्डा झिरपतोय तुमच्या विहिरीत. घाण आहे त्यात, मावशी. तुम्हीही पिऊ नका."

"समिधा!" दमयंती खेकसल्या. केदार खाली बघू लागला.

गोजराबाईंनी ओलं बोट पदराला पुसलं. एकदा विहिरीत पाहिलं, मग गोणपाटांनी झाकलेल्या नव्या रस्त्याकडे.

"गुरवारी इचारलं होतं मी तुला," त्या हळूच म्हणाल्या. "लेकराच्या ओठाशी आलं तेवा तोंड उघडलंस."

समिधाला रडू फुटलं. बाईंच्या बोलण्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

तेवढ्यात ठेकेदाराचा माणूस खांद्यावर पाइप घेऊन आला. नवं काँक्रीट काही दिवस ओलं ठेवावं लागतं, नाहीतर तडे जातात. "मौसी, रस्ते पे पानी मारना है। कुएँ की मोटर चालू करूँ?"

केदार घाईने पुढे झाला. "आमच्या नळाचं घे रे."

"ऱ्हाऊ दे," गोजराबाई म्हणाल्या. "नळाला पैसे पडतात. कर रं बाबा चालू. रस्त्याला काय, चालंल ह्ये पानी."

त्यांनी समिधाच्या हातातला तांब्या घेऊन रस्त्याच्या कडेला रिता केला आणि घरात गेल्या. मोटर सुरू झाली. गोणपाटं भिजली, आणि सगळ्यांचे पाइप पोटात घेतलेला रस्ता गोजराबाईंच्या पाण्यावर पक्का होत गेला.