हळदीचं बोट

“बजा, दर अवसेला दप्तराचा रुमाल सोडायचा. कागदास्नी वाईच ऊन द्यायचं, लिंबाचा पाला बदलायचा. मी असंन-नसंन. दे वचन.”

अठरा वर्षांमागचा मामंजींचा तो आवाज बजाबाईच्या कानांत अजून होता. आज मात्र अंगणात तो रुमाल दिराने सोडला होता. पाटीलकीचा दावा लागला होता आणि वकिलाला वंशावळ हवी होती. जुने मोडी कागद नव्यासारखे करकरीत निघाले. कसरीचं एक भोक नाही.

“वैनी, लई जपलंत की,” धोंडीराम म्हणाला. मग त्याचा हात थांबला. “पर ह्ये पिवळं कशाचं?”

“हळदीचं बोट लावते मी. तितं मालतीचं नाव हाय.”

प्लेगात आधी नवरा गेला, चौथ्या दिवशी सहा वर्षांची लेक मालती. “तिचं नाव लिवा की मामंजी,” असं म्हणत बजाबाई उंबऱ्यात बसून राहिली होती. म्हाताऱ्याने बोरू उचलला, नवऱ्याच्या नावाखाली काहीतरी लिहिलं, आणि म्हणाला, “लिवलं.” तिला अक्षरओळख नव्हती. पण ती जागा तिला डोळे मिटूनही सापडे. अवसेचा उपास ती त्या जागेला बोट लावूनच सोडत असे.

धोंडीरामने कागद डोळ्यांजवळ नेला आणि तो हसू लागला.

“पोरीस्नी वंशावळीत कोण लिवतं, वैनी?”

“मग काय लिवलंय?”

“निर्वंश.” त्याने सावकाश, फोड करून सांगितलं. “दादाचा वंश खुटला म्हून. अठरा वर्सं तुमी निर्वंशाला हळद लावली की.”

मग त्याने अंगठा थुंकीने ओला केला आणि तो डाग घासला. हळद थोडी फिकी झाली. अक्षर हललं नाही.

“आता रुमाल बाळे गावात माझ्या घरी ऱ्हाईल. तुमी सुटलात,” म्हणत त्याने गाठ मारली.

बजाबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला. तो पाणी पिऊन गेला.

पुढच्या अवसेला गिरणीचा पहिला भोंगा झाला तेव्हा तिची आंघोळ झालेली होती. सावलीत वाळवलेला लिंबाचा पाला तिने पदरात बांधला. देवापुढची हळदीची कुयरी उचलली, जराशी हातात धरली आणि परत होती तिथे ठेवली.

दार ओढून घेतलं आणि उपाशीपोटी ती बाळे गावाच्या वाटेला लागली.