दोघांच्या अभ्यासाचं टेबल

मी टेबल बोलतोय. चिंचवड गावठाणात भिमाबाईच्या घराला लागून एक भाड्याची खोली आहे, तिच्या खिडकीशी उभा असतो तोच. मला शाळा नाही. माझ्यापाशी बसून दुसरे शिकले, तेवढीच माझी विद्या. पण घडलं ते घडलं तसं सांगता येईल मला. जरा हळू बोलतो, तेवढं चालवून घ्या.

मी जन्माचा टेबल नाही. पिंपरीच्या एका कारखान्यात परदेशातून मोठं यंत्र आलं, त्याच्या भोवतीचं खोकं म्हणजे मी. बोटीतून मुंबईच्या गोदीत आलो, तिथून ट्रकनं खंडाळ्याचा घाट चढलो. वाटेत जो तो जपायचा. 'सांभाळून रे, सांभाळून' म्हणत हमाल हात लावायचे. मला आपलं वाटायचं, केवढा हा मान. कारखान्यात पोचलो तशी पहारीनं माझ्या फळ्या उचकटल्या. यंत्र आत गेलं, त्याला हार घातला, नारळ फोडला. मी पडलो मागच्या भंगारात. जपत होते ते आतल्याला, हे तेव्हा कळलं.

भंगारातून मला कादरभाईनं उचललं. स्टेशनच्या रस्त्याला त्याचं पत्र्याचं दुकान होतं. त्या काळात आमच्या भागातले निम्मे संसार असल्या खोक्यांच्या लाकडावर उभे राहिले. कुणाचं स्टूल, कुणाची मांडणी, कुणाचा पाळणासुद्धा. कादरभाईनं मला रंधा मारला, चार पाय दिले, एक खण बसवला आणि दुकानापुढे उन्हात ठेवलं.

एका गुरुवारी दोन तरुण आले. गुरुवारी यासाठी, की आमच्याकडच्या कारखान्यांना सुटी गुरुवारची. बाकीच्या जगाचा रविवार असतो, तेव्हा इथे भोंगे वाजत असतात. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

त्यातला उंच, चष्मेवाला प्रभाकर, फलटणचा. दुसरा गुरुदत्त, देवरुखचा, हसरा, बोलका. दोघांनी कॉलेज पुरं केलं होतं, पण नोकरी मिळाली ती भट्टीवरची, तीही तात्पुरती.

गुरुदत्तनं माझ्यावर तळवा दाबला. "कादरभाई, हे तर डुलतंय."

"टेबल न्हाई डुलत राव, माझी जमीन वाकडी हाय," कादरभाई म्हणाला. "लिखापढीला पायजे ना? मग बिनधास्त न्या. घरी गेलं की गप बसंल."

हातगाडीवर घालून त्यांनी मला या खोलीत आणलं. इथंही मी डुललोच. प्रभाकरनं लाकडाची चकती कापून पायाखाली घातली, तेव्हा गप बसलो.

अभ्यास होता बँकेच्या परीक्षेचा. हिशेबाची दोघांनाही भीती नव्हती. अडायचं इंग्रजीपाशी, आणि तेही गुरुदत्तचं. प्रभाकरचे वडील गावाकडे इंग्रजी शिकवायचे, त्यामुळे त्याच्या तोंडात ती भाषा बसलेली. भट्टीवर दोघांची पाळी एकापाठोपाठ एक. एक सुटला की दुसऱ्यानं ताबा घ्यायचा. प्रभाकरची तिसरी, म्हणजे रात्रीची पाळी असली की गुरुदत्तची पहिली, सकाळची. त्या आठवड्यात संध्याकाळी दोघंही घरी सापडायचे आणि माझ्या दोन बाजूंना दोन पत्र्याच्या खुर्च्या लागायच्या.

"हे बघ गुरू," प्रभाकर सांगायचा, "पहिली शिफ्ट सुटली, माणूस घरी गेला, हा भूतकाळ. दुसरी चालू आहे, हा वर्तमान. तिसरी यायची आहे, हा भविष्य. आता सांग, पहिलीला आलेला माणूस अजून मशीनवरच उभा आहे, तो कुठला काळ?"

"ओव्हरटाइम," गुरुदत्त म्हणाला.

प्रभाकर इतका हसला की चष्मा काढून पुसावा लागला. "तोच. त्यालाच हॅव बीन लावायचं."

असं तो शिकवायचा. न कंटाळता, न ओरडता. एकच चूक गुरुदत्त पुन्हा पुन्हा करायचा, आणि हा प्रत्येक वेळी ती पहिल्यांदाच पाहिल्यासारखा समजावून सांगायचा.

उताऱ्याचं मात्र निराळंच. वाचून खालच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, इतकं सोपं काम. पण गुरुदत्त उताऱ्यात गुंतून जायचा. एकदा समुद्रातल्या दीपगृहाच्या रखवालदाराचा उतारा होता. वादळ, विझलेला दिवा, दूरवर जहाज.

"मग ते जहाज वाचलं का?" गुरुदत्तनं विचारलं.

"ते विचारलेलं नाही."

"पण वाचलं का?"

"उतारा तिथंच संपतो रे. खालचे प्रश्न बघ, आणि शेवटी शीर्षक दे."

मला अजून वाटतं, वाचलं असेल.

दारातून भिमाबाई डोकवायची. "काय रं, दिवसभर भट्टीम्होरं जळता आन सांजच्याला ह्या इंग्रजीम्होरं. ह्यानं पोट भरतंय व्हय?"

"मावशी, बँकेत डोक्यावर पंखा असतो," गुरुदत्त म्हणायचा.

"मंग पंखाच घ्या की इकत."

भिमाबाईला गंमत वाटायची, पण प्रभाकरला ती गंमत नव्हती. तात्पुरत्या कामगाराला कंपनी काही महिने ठेवायची, मग ब्रेक द्यायची. म्हणजे घरी बस, पुन्हा बोलावलं तर ये. असे किती ब्रेक त्यानं खाल्ले होते. आणि बँकेला वयाची अट. त्या वर्षीची परीक्षा ही प्रभाकरची शेवटची. त्यानंतर वय उलटणार होतं आणि बँकेचं दार कायमचं बंद होणार होतं. गुरुदत्त लहान, त्याच्या हातात अजून वर्षं होती.

अर्ज दोघांनी केले, बोलावणं दोघांना आलं. परीक्षा पुण्यात, रविवारी सकाळी. प्रभाकरची त्या आठवड्यात तिसरी पाळी, गुरुदत्तची पहिली. म्हणजे दोघांतल्या एकाला भट्टीवर राहणं भाग. बदलीचा माणूस आल्याशिवाय भट्टी सोडायची नाही, हा तिथला कडक नियम. सोडली तर तात्पुरत्याचं नाव दुसऱ्या दिवशी कापलेलं. आणि रजा मागायची सोय नाही, कारण बँकेच्या परीक्षेचं कळलं की साहेब म्हणणार, तुला इथं राहायचंच नाही.

गुरुदत्त माझ्यावर कोपरं टेकून म्हणाला, "तू जा प्रभ्या. माझं इंग्रजी अजून कच्चं आहे, मी पुढच्या वेळी बसेन. तुला पुढची वेळ नाही."

"मी काही बोललो नव्हतो हं."

"म्हणून तर मी बोलतोय. मी लवकरच येतो ताबा घ्यायला. तू तसाच स्टेशन गाठ."

प्रभाकर बराच वेळ चष्म्याची काडी चावत बसला. मी लाकूड, पण त्या क्षणी मलाही वाटलं, आपण चांगल्या घरात पडलो.

शनिवारी पाळीला निघताना त्यानं पिशवीत धुतलेला सदरा, पेन, पेन्सिली आणि बोलावण्याचा कागद घातला. कंपनीच्या नळावर तोंड धुऊन परस्पर जायचं होतं. दारात थांबून म्हणाला, "गुरू, झोप लागली तर?"

"अरे, भिमामावशीचा कोंबडा आहे ना. जा तू."

आता रविवारची सकाळ. हे फक्त मी पाहिलं आहे.

गुरुदत्त वेळेवर उठला. कंपनीचे खाकी कपडे अंगात घातले. बूट बांधायला खुर्चीवर बसला, आणि बसूनच राहिला. माझ्या खणात त्याचाही बोलावण्याचा कागद होता. तो त्यानं काढला, वाचला, परत ठेवला. मग पुन्हा काढला. बोटांनी माझ्यावर टकटक करत राहिला. आणि एकदम उठून खाकी सदरा उतरवला, इस्त्रीचा पांढरा घातला. आरशात भांग पाडला. माझ्याकडे पाठ होती.

बाहेर भिमाबाई अंगण झाडत होती. "आज डूटी न्हाई व्हय?"

"आहे की मावशी, निघालोच."

माझ्या खिडकीतून रस्ता दिसतो. कंपनीला डावीकडे जायचं, स्टेशनला उजवीकडे. तो उजवीकडे गेला. मला तोंड असतं तर मी हाक मारली असती. पण टेबलाला तोंड नसतं, नुसते पाय असतात, आणि तेही चालत नाहीत.

प्रभाकर आला तो दुपारी, उन्हाचा. भट्टीवरच्या काजळीनं तोंड काळं, धुतलेला सदरा पिशवीत घडीसकट तसाच.

"कसा गेला रं पेपर?" भिमाबाईनं विचारलं.

"गाडी चुकली, मावशी."

मित्राचं नाव त्यानं घेतलं नाही. आत येऊन माझ्यासमोर बसला. खुंटीवर टांगलेल्या गुरुदत्तच्या खाकी सदऱ्याकडे पाहिलं, मग खण ओढून पाहिला. कागद नव्हता. खण त्यानं इतक्या हळू बंद केला की मलाही कळलं नाही.

संध्याकाळी गुरुदत्त आला. दारातच उभा राहिला. शेवटी तोंडात सवयीनं जे आलं तेच तो बोलला, "उतारा सोपा होता."

आणि प्रभाकरनंही सवयीनंच विचारलं, "कशावर होता?"

"विहीर खणणाऱ्यांवर. सगळं गाव मिळून खणतं."

"शीर्षक काय दिलंस?"

गुरुदत्तनं सांगितलं. प्रभाकरनं थोडा विचार केला. "बरोबर आहे," म्हणाला.

मग गुरुदत्त खाली बसला, खुर्चीवर नाही, जमिनीवर. "मला वाटलं, कुणीतरी थांबेल तुझ्या जागी. फोरमन देईल कुणीतरी."

"दिला. दुपारी."

"प्रभ्या, मी सकाळी निघालो होतो रे तुझ्याकडेच. मग वाटलं, तू बसलास तर तुला बँक लागणारच. मग पुढच्या वर्षी मला शिकवणार कोण? एकट्याला जमणार नाही मला. आत्ता सगळं डोक्यात ताजं होतं."

"हो. ताजं होतं खरं."

"शिव्या दे. मार हवं तर."

प्रभाकरनं चष्मा काढला आणि माझ्यावर ठेवला. "काल संध्याकाळी सांगितलं असतंस, तर मी भट्टीवरच्या नवाबला विचारलं असतं. त्याची दुसरी पाळी, इथंच राहतो, आला असता पहिलीला. दोघंही गेलो असतो, गुरू."

गुरुदत्तनं मान वर केली. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं, हे मला दिसलं.

निकाल लागला, गुरुदत्तला बँक लागली. पेढे घेऊन आला. भिमाबाईनं दोन खाल्ले. प्रभाकरनं एक घेतला, कागदात गुंडाळून माझ्यावर ठेवला. मुंग्या लागल्या, मग भिमाबाईनंच तो बाहेर टाकला. सामान नेताना गुरुदत्त म्हणाला, "टेबल तू ठेव." प्रभाकर म्हणाला, "बरं."

ठेवलं, पण माझ्यापाशी तो पुन्हा बसला नाही. खुर्ची भिंतीकडे वळवून बसायचा. माझ्यावर डबा, कंगवा, रॉकेलची बाटली. मी म्हणायचो, मी काय केलं होतं रे? पण त्याचंही खरंच. माझ्या ज्या बाजूला तो बसे, तिथून समोर दुसरी बाजू दिसायची.

पुढे कंपनीनं त्याला कायम केलं, लग्न झालं, संत तुकाराम नगरात घर मिळालं. सामान न्यायला त्याची बायको पद्मा आली होती. चुणचुणीत बाई. तिनं माझ्यावरून हात फिरवला. "अहो, हे चांगलं मजबूत आहे. घेऊ या ना."

"राहू दे," तो म्हणाला. "ते आपलं नाही."

टेम्पो गेला. खिडकीतून मी वळणापर्यंत पाहिला.

त्याचा राग नाही मला. खरं तर त्याच्यापेक्षा माझी जखम लहान. मी दोघांचा होतो, आणि दोघांनीही मला सोडलं, एवढंच. एकाला माझ्याकडे बघून लाज वाटली, दुसऱ्याला दुःख झालं. लाकडाला दोन्ही सारखंच.

आता या खोलीत नवे भाडेकरू आहेत, कोल्हापूरकडचे दोघं. पाळीची कामं करतात. माझ्या कडेला स्टोव्ह पेटतो, वर कपड्यांचा ढीग. परवा त्यातल्या एकानं ढीग बाजूला सारला, फडक्यानं मला पुसलं आणि एक जाड इंग्रजी पुस्तक माझ्यावर आणून ठेवलं. दुसऱ्यानं समोर खुर्ची ओढली.

मी ओझं पेलायला तयार आहे, बाबांनो. पाय अजून धड आहेत. बसा समोरासमोर, शिका, एकमेकांच्या चुका काढा. आणि कधी पुढे निघून जावंसं वाटलं, तर तेही जा. माणसाला वाटतंच. फक्त आदल्या संध्याकाळी समोरच्याला सांगा, म्हणजे तो दुसऱ्या कुणाला तरी हाक मारील. नाहीतर तो तिकडे भट्टीपुढे उभा राहून वाट बघत राहतो, आणि दार उघडलं की प्रत्येक वेळी त्याला वाटतं, तुम्हीच आलात.