एकाआड एक फेरी

३.१०

पाच वर्षं अमृता एकाच दीर्घिकेकडे बघत होती. तिच्या मधल्या कृष्णविवराभोवतून येणारे क्ष-किरण कधी वाढत, कधी मंदावत. ताल म्हणून काही सापडत नसे. मग सापडला. दर तीन तास चौदा मिनिटांनी उजेड वर. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्यावरच उभं होतं आणि उद्या समितीसमोर मांडायचं होतं.

आज दुपारी जेवून आल्यावर सहज आठवलं : हे क्ष-किरण टिपणाऱ्या उपग्रहाची पृथ्वीभोवतीची एक फेरी सत्त्याण्णव मिनिटांची. दोन फेऱ्या म्हणजे तीन तास चौदा.

(खंड. उपग्रह पृथ्वीआड. नोंद नाही.)

३.५५

विषम फेऱ्यांची विदा, म्हणजे डेटा, तिने लॅपटॉपवर साफ केली होती, सम फेऱ्यांची प्रयोगशाळेतल्या जुन्या मशीनवर. काम लवकर उरकावं म्हणून. जुन्या मशीनवर कॅलिब्रेशनची, म्हणजे उपकरणाचं माप जुळवून घ्यायची, फाइलही जुनीच होती. म्हणून एक फेरी उजळ, एक मंद. दीर्घिकेच्या गावीही नव्हतं.

(खंड. सरांच्या घराकडे जाणारी येलहंक्याची बस, उभ्याने.)

५.२०

"या, तालवाल्या बाई!" सरांच्या पत्नी हेमलताकाकूंनी दार उघडलं. तिचे मार्गदर्शक विद्याधर सरांनी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलेलं दिसत होतं.

"सर, ताल आपला आहे. दीर्घिकेचा नाही."

सरांनी आलेख चष्म्याजवळ नेला. बराच वेळ. "अय्यो. दोन मशीनं?"

"हो."

"आणि मी त्यावर सही ठोकली."

"समितीला कळणार नाही, सर."

"नाहीच कळणार. समितीतला सुधींद्र तर आलेखाचा मथळा वाचून मान डोलावतो."

(खंड. कॉफी.)

५.५०

"प्रबंधाची मुदत महिन्यात संपतेय," अमृता म्हणाली. "प्रकरण नव्यानं लिहायला सहा महिने तरी लागतील."

"मुदतवाढीचं पत्र मी देतो. कारण काय लिहू?"

"खरं ते."

"स्वल्प कमी खरं चालेल?"

तिला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत आणायचाही कंटाळा आला होता. तिथेच जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून तिने समितीला मेल लिहिली : उद्याचं सादरीकरण मागे घेत आहे, चूक माझी. "माझी" खोडून सरांनी "आमची" केलं. मेल गेली.

मग तिने दुसरी फेरी उघडली, नव्या फाइलने साफ केली. रेघ खाली आली, जराशी वर गेली, परत खाली. कशाला धरून नव्हती.

"ही खरी," सर म्हणाले. आवाजात आनंद नव्हता.

"हो."

एक सम फेरी झाली. एकशे पाच राहिल्या. अंधार पडल्यावर काकूंनी ताट वाढायला घेतलं.