एकशे नव्वदच्या पुढं

बिदरकडच्या चिंताकी गावचा राजपाल नऊ वर्षांचा असताना तापात त्याचे डोळे गेले. आता तो चौतिशीत होता आणि पुण्याच्या एका कंपनीसाठी घरी बसून मराठी पुस्तकांचा मजकूर तपासायचा. कॉम्प्युटर मोठ्यानं वाचून दाखवायचा, राजपाल चुका दुरुस्त करायचा. सात वर्षं हे काम नीट चाललं होतं.

मग कंपनीनं कळवलं, जुन्या सिस्टिमवरून पाठवलेलं काम इथून पुढं घेणार नाही. राजपालनं नवी सिस्टिम चढवली. त्यानंतर आधीची सगळी सॉफ्टवेअरं त्याच मशीनवर एकेक करून पुन्हा बांधून, म्हणजे मूळ कोडपासून नव्यानं तयार करून, घ्यायची होती. एकूण तीनशे बारा. एकशे नव्वद झाली आणि दुपारी लाइट गेली. परत आली तेव्हा कॉम्प्युटर सुरू झाला, पण मुका. बोलणारं जुनं सॉफ्टवेअर नव्याला जागा करताना निघून गेलं होतं, नवं अजून बांधून व्हायचं होतं.

थांबलं तिथून पुढं चालू करायची कमांड त्याला पाठ होती. काही ऐकू येत नसताना त्यानं ती अंदाजानं टाइप केली. मशीनचा पंखा थोडा वेळ जोरात फिरला, मग मंदावला. म्हणजे काम पुन्हा अडलं. का अडलं ते पडद्यावर लिहिलेलं असणार. वाचून दाखवणारा त्याचा फोन उदगीरला दुरुस्तीत पडला होता. घरात फक्त त्याची आई, सरुबाई. ती शाळेत कधी गेली नव्हती.

"माय, काय दिसायलंय?"

"लाल अक्षरं हायत. लई बारीक."

"माझ्या तळहातावर काढ. दिसतील तशी."

इंग्रजी अक्षरांचे आकार त्यानं कलबुर्गीच्या अंधशाळेत शिकताना लाकडी ठोकळ्यांवरून चाचपून ओळखले होते. सरुबाईनं तूर पाखडायचं सूप बाजूला ठेवलं, हात पुसला आणि बोटानं काढायला लागली.

"ह्याला पोट हाय, आन् खाली दांडी."

"पोट कुणीकडं?"

"मला काय कळायलंय? दाराकडं."

मधेच तिची ओळ चुकायची, मग पहिल्यापासून. एका ओळीला तासाच्या वर लागला. शेवटी आईच्या बटणाच्या फोनवरून त्यानं ती ओळ बिदरला कॉम्प्युटरचं काम करणाऱ्या भीमराजला एकेक अक्षर करून सांगितली. भीमराज त्याचा जुना मित्र.

"राजपाल, अडलाय तो तुझा मराठी वाचणारा आवाजच हाय. बनवणाऱ्यानं कवाच सोडून दिलाय. नव्या सिस्टिमवर बांधला जायचा न्हाई."

"दुसरा आवाज?"

"तुझ्या मशीनवर चालणारा मला तरी ठावं न्हाई. एवढा गाळ आन् पुढं जाऊ दे. इंग्रजी तरी बोलंल."

राजपालनं फोन ठेवला.

"अक्षरं बरोबर होती का रे?" सरुबाईनं विचारलं.

"एकूण एक बरोबर होती, माय."

तो आवाज गाळून त्यानं काम पुढं चालू केलं. दोन दिवस मशीन चालत राहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते इंग्रजीत बोललं. राजपालनं अर्धवट तपासलेला मराठी धडा उघडला. मशीन प्रत्येक अक्षराला नुसतं 'लेटर, लेटर, लेटर' म्हणत गेलं. त्यानं पुढचं पान उघडलं. तिथंही तेच. पाच पानं तो तसाच ऐकत राहिला, जणू सहाव्या पानावर एखादा शब्द सापडेल.

मग त्यानं कंपनीला इंग्रजीत लिहिलं, मराठी मजकूर आता मला तपासता येत नाही. दहा मिनिटांत उत्तर आलं. मशीननं ते स्वच्छ वाचून दाखवलं. आजवरच्या कामाबद्दल आभार, राहिलेले धडे दुसऱ्याकडं दिले आहेत.

मशीनचा आवाज ऐकून सरुबाई भाकरीच्या पिठाच्या हातानंच आत आली.

"बोलायलंय की!"

"व्हय."

"मग बसशील आता कामाला?"

"बसतो."

"कामून गप्प हायस मग?"

"न्हाई, काही न्हाई. तू जा, तवा तापलाय."

ती निवांत मनानं गेली. थोड्या वेळानं शेताकडं निघताना त्याच्या कामात खडखड नको म्हणून तिनं बाहेरून कडी न लावता दार नुसतं ओढून घेतलं. राजपालनं मशीन बंद केलं आणि ती परत येईपर्यंत खुर्चीतच बसून राहिला.