उजवा पंख

कुमुदताईची दुपार मला आधी ऐकू येई आणि मग दिसे. तिसऱ्या मजल्याच्या शेवटच्या वळणावर पोचले की पॉलिश पेपरचा तो मऊ, एकसुरी आवाज कानावर पडे. दूर कुठेतरी कुणी सावकाश सूप पाखडत असावं असा. दार लोटलेलं असे. पश्चिमेच्या खिडकीतून माघाचं कोवळेपण सरलेलं ऊन तिरपं होऊन टेबलावर उतरलेलं असे, आणि त्या उन्हात बाल्साच्या लाकडाची पांढुरकी धूळ इतकी संथपणे तरंगत असे की तिलाही खाली बसण्याची घाई नसावी. ताईच्या मनगटावरच्या लवेवर, पापण्यांवर, चष्म्याच्या दांडीवर ती धूळ साचे. ती मान वर न करताच म्हणे, "पंखा लावू नकोस. सगळं उडेल."

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मुलींच्या शाळेत तिने तीस वर्षं शिवण शिकवलं. बाहीचा गोल खांद्याला चुणी न पडता कसा बसवायचा, हे तिने कसब्यातल्या दोन पिढ्यांच्या मुलींना दाखवलं असेल. तिचे पती, माझे भाऊजी, हडपसरच्या एका कारखान्यात यंत्रदुरुस्ती विभागात होते. रेडिओवर चालणारी विमानं उडवण्याचा नाद त्यांना नोकरीत असतानाच लागला. वाघोलीच्या पलीकडे एका मोकळ्या माळावर दर रविवारी पाचपंचवीस हौशी माणसांचा क्लब जमे. भाऊजी तिथले देखणे वैमानिक होते. हातात ट्रान्समीटर आला की त्यांचा खांदा आपोआप ताठ होई, आणि विमान आकाशात गिरकी घेई तेव्हा तेही टाचांवर किंचित वळत. त्यांच्या बोटांत उड्डाण होतं, हे मी आजही नाकारत नाही. पण त्यांच्या बोटांत सबुरी नव्हती.

त्यांनी स्वतः बांधलेलं पहिलं विमान तिसऱ्या मिनिटाला कोसळलं. घरी आणलेले तुकडे ताईने ओट्यावर मांडले, दोन्ही हातांत दोन पंख धरून क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाली, "अहो, डावा जड आहे हा. टोकाकडे जास्तच." स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलल्यावर तसंच निघालं. पुढच्या विमानाचे पंख ताईने केले. त्यानंतरच्या सगळ्या विमानांचे पंख ताईनेच केले.

पंख करताना तिला पाहणं म्हणजे एखाद्या ऋतूचं संक्रमण पाहणं होतं; काय बदललं ते बोट ठेवून सांगता येत नसे, पण आठवड्याभराने गेलं की सपाट फळ्यांच्या जागी एक वक्र, सजीव आकार टेबलावर पहुडलेला असे. बाल्सा हे लाकूड विलक्षण. हातात घेतलं तरी हात रिकामाच वाटतो. आणि एकाच मापाच्या दोन फळ्यांतही एक हलकी, एक जड निघते. ताई प्रत्येक फळी कानाशी नेऊन नखाने टिचकी मारी. आवाज बद्द आला तर ती फळी मुळाशी, खांद्याजवळ. टणक, उंच आला तर टोकाकडे. मग ड्रॉइंगवर पातळ प्लास्टिक अंथरून, टाचण्यांच्या ओळी रोवून, ती एकेक फासळी उभी करी. डाव्या पंखाची आणि उजव्या पंखाची फासळी एकाच फळीच्या दोन तुकड्यांतून, एकावर एक ठेवून, एकाच पात्याने कापायची, हा तिचा नेम होता. ती म्हणे, दोघांचा जन्म एका श्वासात व्हायला हवा, नाहीतर वर गेल्यावर ते एकमेकांना ओळखत नाहीत. शेवटी पंखावर रंगीत प्लास्टिकची फिल्म इस्त्रीने ताणून बसवायची वेळ येई. ब्लाउजच्या अस्तरावरून फिरवायची तीच इस्त्री, तोच हलका हात. खालच्या बोळातून तांबटांचे ठोके येत असत, आणि त्या धातूच्या कोलाहलात ती कागदाहून हलक्या वस्तूला जपत बसलेली असे.

बारा फुटी पंखांचं ते मोठं निळं विमान तिने दोन वर्षं घेऊन केलं. एकेक पंख माझ्या उंचीहून मोठा. टेबल पुरेना म्हणून तिने दाराची जुनी फळी मांडून घेतली, आणि त्या दोन वर्षांत घरी आलेला प्रत्येक पाहुणा भिंतीला पाठ घासत आत गेला. पहिल्या उड्डाणाला मी तिला आग्रहाने वाघोलीला नेलं. विमानाने माती सोडली तेव्हा तिने कपाळावर आडवा हात धरला आणि ते उतरेपर्यंत खाली घेतला नाही. बाकी सगळे टाळ्या वाजवत होते. तिची नजर पंखांची टोकं वाऱ्यात किती लवतात तेवढंच पाहत होती. उतरल्यावर क्लबातल्या कुणीतरी तिला विचारलं, वहिनी, डब्यात काय आणलंय. तिने डबा उघडून पुढे केला.

त्याच वर्षी क्लबाने भाऊजींचा सत्कार ठरवला. स्मरणिका निघणार होती. मी बँकेतून निवृत्त झालेली, अधूनमधून दिवाळी अंकांत लिहिणारी. लेख मी लिहावा असं भाऊजींनी सुचवलं, आणि मला त्याचा अभिमानही वाटला. ते समोर बसून सांगत गेले. "मी फासळ्या कापल्या, मी टोकांना पीळ दिला, मी फिल्म बसवली." मी लिहीत गेले. एकदा थांबून मी विचारलं, ताईचं नाव कुठे घालू? ते खरोखर गोंधळले. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, आणि तेच अधिक भयंकर होतं. म्हणाले, ती घरचीच आहे, घरच्यांचे जाहीर आभार मानायचे नसतात, परकेपणा दिसतो. आत जाऊन ताईला विचारलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, त्यांचा लेख आहे, त्यांना विचार.

मी दोघांच्या मधोमध उभी होते आणि मला सोपी वाट हवी होती. लेखाच्या शेवटी मी लिहिलं: "या प्रवासात त्यांना पत्नीची मोलाची साथ लाभली." वाक्य नेटकं होतं. कुठेच टोचत नव्हतं.

सभागृहात ताई तिसऱ्या रांगेत बसली होती, मोतिया रंगाची साडी नेसून. व्यासपीठावर निळं विमान ठेवलं होतं, दिव्यांच्या प्रकाशात त्याचे पंख पाण्यासारखे चमकत होते. या दोन हातांनी हे केलं, असं म्हणत भाऊजींनी दोन्ही तळवे लोकांसमोर धरले. टाळ्या झाल्या. ताईनेही वाजवल्या. शेजारच्या बाईंनी तिला विचारलं, घरात एवढा पसारा कसा हो चालवून घेता? ताई म्हणाली, सवय झाली. स्मरणिका तिने तिथेच उघडली, लेख पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत वाचला, मिटली आणि मांडीवर पालथी ठेवली. मी तिच्याकडे पाहत होते. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या हिवाळ्यासाठी भाऊजींनी क्लबात आणखी मोठं विमान जाहीर केलं. ताईने काम सुरू केलं. त्या काळात एकदा गेले तेव्हा तीच दुपार होती, तोच आवाज. पण फासळी कापताना फळी एकेरीच होती. खाली दुसरी नव्हती. तिने नेम मोडला होता आणि मी ते पाहूनही काही विचारलं नाही. पौषात उजवा पंख पुरा झाला. मी पाहिलेला तो तिचा सर्वांत सुंदर पंख. पाठीवरून बोट फिरवलं तर कुठे थांबावं कळू नये, असा. तिने त्याच्यावर जुनं धोतर पांघरलं, पाती पुसून डबीत ठेवली आणि भाऊजींना म्हणाली, "दुसरा तुम्ही करा. दोन्ही हात तुमचेच आहेत ना."

ते हसले. मग दोन दिवस थांबले. मग स्वतःच कामाला बसले. घरात एकदाही आवाज चढला नाही. जेवणं वेळेवर झाली, चहा वेळेवर झाला. पण त्या खोलीत आता पॉलिश पेपरचा आवाज अडखळत येई, मध्येच ओरखडे काढी, मध्येच चिडून बंद पडे. भाऊजींच्या फासळ्या एकमेकींशी जुळेनात. गोंद जास्त होई, लाकूड पीळ धरी. अखेर त्यांनी तिला नुसतं बघून सांग म्हटलं. ती म्हणाली, मला त्यातलं काय कळतं, स्मरणिकेत सगळं लिहिलंय.

मग ते माझ्याकडे हडपसरला आले. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, तू सांग तिला, तुझं ऐकते. मी गेले. ताई गॅलरीत वाळवण उलथत होती. मी पुष्कळ बोलले, समजुतीचं, मोठेपणाचं, वय झाल्याचं. तिने ऐकून घेतलं. मग हात पदराला पुसून म्हणाली, "त्यांना कधी दिसलंच नाही, म्हणून त्यांनी सांगितलं नाही. तुला दिसत होतं, शालन. दर आठवड्याला येऊन बसायचीस. आणि लिहिलंस तू."

त्या वाक्यात राग नव्हता.

फाल्गुनातल्या एका सकाळी भाऊजींनी ते विमान वाघोलीला नेलं. पुन्हा लेख लिहायचा म्हणून मलाही नेलं. ताई आली नाही. माळावरचं गवत पिवळं पडलेलं, हवा अजून थंड, आकाश धुऊन काढल्यासारखं. एका अंगाला ताईचा पंख आणि दुसऱ्या अंगाला भाऊजींचा. लांबून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच. विमान धावलं, उचललं गेलं, आणि उंचीचा एक टप्पा गाठल्यावर डावीकडे कलू लागलं. भाऊजींच्या बोटांनी त्याला सावरण्याची शिकस्त केली. त्या क्षणी त्यांचा चेहरा मला फार एकाकी दिसला. डावं टोक खाली, आणखी खाली, आणि मग ते नाकावर येऊन माळात शिरलं. आपटल्यावर उजवा पंख सांध्यातून निखळून दूर जाऊन पडला. लोक धावले ते त्याच्याकडे, कारण तोच वेगळा पडलेला दिसत होता.

भाऊजी त्या पंखापाशी उभे राहिले. कुणीतरी विचारलं, काय झालं हो नक्की. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. ते म्हणाले, "उजवा कुमुदने केला होता. हौस म्हणून करू दिला. तिथेच चुकलं."

इतक्या वर्षांत क्लबाच्या माळावर त्यांनी तिचं नाव पहिल्यांदा उच्चारलं. मंडळींनी समजूतदारपणे माना हलवल्या. एका वयस्कर सदस्याने डावा पंख सांध्यातून सोडवून हातात तोलला, माझ्याकडे पाहिलं, आणि तो खाली ठेवून गाडीकडे निघून गेला. विमान डावीकडे कललं होतं. ते त्याने पाहिलं होतं, मीही पाहिलं होतं. बोलायला एक श्वास पुरला असता. मी गवताकडे पाहत उभी राहिले.

संध्याकाळी मी ताईला सांगितलं. लपवण्यात आता अर्थ नव्हता. ती तांदूळ धूत होती. तिने पाणी ओतून टाकलं. "चला," ती म्हणाली, "नाव तरी आलं." आणि तिने पातेलं गॅसवर ठेवलं.

त्यानंतर तिने पात्यांची डबी उघडली नाही. टेबल धुऊन पुसून खिडकीपाशी तसंच राहिलं, वर एक साधं कापड. मी गेले की चहा होई, माझ्या गुडघ्यांची चौकशी होई, भाचरांची खुशाली विचारली जाई. सौजन्यात कणभर उणीव नव्हती. सख्ख्या बहिणीकडून लाभलेलं ते सौजन्य मला दर वेळी जिना उतरताना जड होई. क्लबाच्या पुढच्या स्मरणिकेत खुलासा द्यावा म्हणून मी क्लबाच्या चिटणिसांना भेटले, तेव्हा ते आदबीने म्हणाले, आपण कशाला घरगुती गोष्टीत पडायचं. मी जास्त ताणलं नाही. उद्या पुन्हा भेटू, असं दोन पावसाळे म्हणत राहिले.

दुसऱ्या पावसाळ्याच्या अखेरीस ताई चार दिवसांच्या तापात गेली. तेराव्याला भाऊजी पाहुण्यांना सांगत होते, हिचा हात फार हलका होता, पुरणपोळी अशी लाटायची की पलीकडचं दिसावं. त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. विमानं त्यांनी नंतर उडवली नाहीत; डोळ्यांना झेपत नाही, असं ते मित्रांना सांगतात. त्यांचं दुःख खोटं नाही. तिला जेवढं त्यांनी ओळखलं होतं, तेवढ्यापुरतं ते पुरेपूर खरं आहे.

मी मात्र तिला पूर्ण पाहिलं होतं. माझ्याकडे शब्द होते, ते छापणारे लोक होते, आणि तिच्या समोर बसून घालवलेल्या असंख्य दुपारी होत्या. आता हे सारं मी लिहिते आहे, नावासकट, हातांसकट. कुणी अडवत नाही, कुणाला विचारावं लागत नाही. माणूस समोर असताना जे एका वाक्यात सांगून झालं असतं, ते माणूस गेल्यावर कितीही पानं लिहिली तरी सांगून होत नाही. काळ आठवणी आपल्यापाशी ठेवतो, आणि ज्याच्यासाठी त्या सांगायच्या त्याला घेऊन जातो.